यंत्राला बुद्धिबळ शिकविणारे अ‍ॅलन ट्युरिंग

संगणकाशी बुद्धिबळ खेळताना माणसाने कोणता डावपेच वापरावा, हा प्रश्न आता केवळ ग्रँडमास्टरांपुरता उरलेला नाही. बीड जिल्ह्यातील सिरसाळ्यासारख्या गावी बसलेल्या शाळकरी मुलाच्या मोबाइलवरही विश्वविजेत्याला नमविणारा प्रोग्रॅम सहज उतरवून घेता येतो. मात्र माणूस आणि प्रोग्रॅम यांच्यातील पहिला नोंदला गेलेला संपूर्ण डाव १९५२ साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे झाला, तेव्हा प्रोग्रॅम हरला होता. विशेष म्हणजे त्या डावात संगणकच नव्हता. यंत्राने कोणती खेळी करावी याचे नियम कागदावर लिहिलेले होते आणि त्यांचा हिशेब पेन्सिलीने करणारा माणूस होता त्या नियमांचा कर्ता, गणितज्ञ अ‍ॅलन मॅथिसन ट्युरिंग. माणसाने यंत्राविरुद्ध पुढील पंचेचाळीस वर्षे जे डावपेच वापरले, त्यांचे मूळ या एका डावात सापडते.

ट्युरिंग यांचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडन येथे झाला. त्यांच्या घराण्याचा भारताशी जवळचा संबंध होता. वडील ज्युलियस ट्युरिंग हे मद्रास इलाख्यात भारतीय सनदी सेवेत अधिकारी होते, तर आईचे वडील एडवर्ड वॉलर स्टोनी हे मद्रास रेल्वेचे मुख्य अभियंता होते. हीच मद्रास रेल्वे पुणे, मिरज, बेळगाव भागात गाड्या चालविणाऱ्या सदर्न मराठा रेल्वेशी १९०८ मध्ये जोडली गेली. भारतातील हवामान मुलांना मानवणार नाही, या समजुतीने ज्युलियस व एथेल ट्युरिंग यांनी जॉन आणि अ‍ॅलन या दोन्ही मुलांना इंग्लंडमध्ये एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या कुटुंबात ठेवले. आईवडिलांच्या येण्याची वाट पाहण्यात अ‍ॅलन यांचे बालपण गेले.

शेरबोर्न येथील निवासी शाळेत त्यांची गणितातील गती दिसून आली. परंतु नीटनेटकेपणाच्या नावाने आनंदच होता. अक्षर गिचमिड, हिशेब घाईचे आणि पद्धत स्वतःची, अशी शिक्षकांची तक्रार असे. याच शाळेत ख्रिस्तोफर मॉरकॉम या बुद्धिमान सहाध्यायाशी त्यांचा स्नेह जडला. फेब्रुवारी १९३० मध्ये क्षयाने ख्रिस्तोफरचे अकाली निधन झाले. माणसाचे मन शरीराशी कसे बांधलेले असते, या प्रश्नाने तेव्हापासून ट्युरिंग यांना पछाडले. १९३१ मध्ये ते केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाले आणि १९३५ मध्ये, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, तेथेच फेलो म्हणून निवडले गेले. १९३६ मध्ये त्यांनी एक शोधनिबंध सिद्ध केला. लांबच लांब पट्टीवरील खुणा एकेक करून वाचणारे व पुसून नव्याने लिहिणारे एक काल्पनिक यंत्र त्यात त्यांनी मांडले. योग्य सूचना दिल्या तर असे एकच यंत्र इतर कोणत्याही यंत्राचे काम करू शकेल, हा त्या निबंधाचा गाभा होता. आजच्या प्रत्येक संगणकामागे हेच तत्त्व उभे आहे.

दुसरे महायुद्ध पुकारले गेल्यावर दुसऱ्याच दिवशी, ४ सप्टेंबर १९३९ रोजी, ट्युरिंग ब्लेचली पार्क येथील गुप्त केंद्रात रुजू झाले. जर्मनांच्या एनिग्मा यंत्राचे सांकेतिक संदेश उलगडणे, हे तेथील काम होते. या कामासाठी गणितज्ञांबरोबर बुद्धिबळपटूंचीही भरती करण्यात आली. ह्यू अलेक्झांडर, स्टुअर्ट मिल्नर-बॅरी आणि हॅरी गोलोम्बेक हे तिघे त्या वर्षी ब्युनोस आयर्स येथील बुद्धिबळ ऑलिम्पियाडमध्ये इंग्लंडकडून खेळत असतानाच युद्धाला तोंड फुटले होते. तिघेही पुढे ब्लेचलीत आले. जर्मन नौदलाचे संदेश फोडणाऱ्या विभागाची धुरा प्रथम ट्युरिंग यांनी आणि नंतर अलेक्झांडर यांनी वाहिली. ऑक्टोबर १९४१ मध्ये मनुष्यबळाच्या टंचाईने काम अडू लागले, तेव्हा ट्युरिंग, अलेक्झांडर, मिल्नर-बॅरी आणि गॉर्डन वेल्चमन यांनी वरिष्ठांना बाजूला ठेवून थेट पंतप्रधान चर्चिल यांना पत्र लिहिले. ते पोहोचविण्यास मिल्नर-बॅरी स्वतः गेले आणि चर्चिल यांनी मागणी तातडीने मान्य केली.

अशा दिग्गजांच्या संगतीत राहूनही ट्युरिंग स्वतः मात्र बुद्धिबळात कच्चेच राहिले. गोलोम्बेक त्यांना आपला वजीर आधीच काढून ठेवून हरवीत असत. इतकेच नव्हे, तर ट्युरिंग यांनी डाव सोडला की गोलोम्बेक पट फिरवीत, ट्युरिंग यांची हरलेली बाजू स्वतः घेत आणि त्या बाजूनेही जिंकून दाखवीत. एखाद्याला ही थट्टा झोंबली असती. ट्युरिंग यांना तिच्यात संशोधनाचा विषय दिसला. पटावरची स्थिती तीच, मोहरे तेच, मग एकाला जेथे पराभव दिसतो तेथे दुसऱ्याला विजय कसा दिसतो? खेळणाऱ्याच्या डोक्यात नेमके काय चालते? आणि ते नियमांत बांधता आले, तर यंत्र ते करू शकणार नाही काय? जॅक गुड आणि डोनाल्ड मिची या तरुण सहकाऱ्यांशी त्यांच्या याच विषयावर चर्चा रंगत. मिची हेही बेताचेच खेळाडू असल्याने दोघांची जोडी चांगली जमली होती.

१९४३ च्या आरंभी ट्युरिंग कामानिमित्त न्यूयॉर्कला बेल प्रयोगशाळेत गेले असता तेथे त्यांची क्लॉड शॅनन यांच्याशी गाठ पडली. यंत्राला विचार करता येईल काय, हा विषय दोघांच्याही जिव्हाळ्याचा होता. शॅनन यांनी पुढे १९५० मध्ये संगणकाच्या बुद्धिबळावर पायाभूत निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी दोन मार्ग सांगितले होते. एक, सर्व शक्य खेळ्या ठरावीक खोलीपर्यंत तपासायच्या. दुसरा, माणसाप्रमाणे मोजक्याच महत्त्वाच्या खेळ्या निवडून त्यांचा खोलवर विचार करायचा. बुद्धिबळाचे संभाव्य डाव इतके अफाट आहेत की सगळे तपासणे कोणत्याही यंत्राला शक्य नाही, हे त्यांनी आकडेमोडीने दाखवून दिले.

युद्धानंतर ट्युरिंग लंडनजवळील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत संगणकाचा आराखडा करू लागले. फेब्रुवारी १९४७ मध्ये लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीपुढे दिलेल्या व्याख्यानात त्यांनी त्या काळी धाडसी वाटणारा विचार मांडला. यंत्र कधीच चुकता कामा नये अशी अट घातली, तर ते बुद्धिमानही होऊ शकणार नाही. माणूस चुकतमाकत शिकतो, तशी संधी यंत्रालाही मिळाली पाहिजे. आणि त्यासाठी बुद्धिबळ हे उत्तम क्षेत्र आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९४८ मध्ये ते मँचेस्टर विद्यापीठात गेले. त्याच सुमारास अर्थशास्त्रज्ञ मित्र डेव्हिड चॅम्परनाउन यांच्यासह त्यांनी बुद्धिबळ खेळण्याचे नियम तयार केले. दोघांच्या नावांवरून या नियमावलीला पुढे ट्युरोचँप हे नाव पडले. नवशिक्या असलेल्या चॅम्परनाउन यांच्या पत्नीला या नियमावलीने हरविलेही होते.

ट्युरोचँपची रचना समजण्यास सोपी होती. प्रत्येक मोहऱ्याला गुण दिलेले होते: प्याद्याला एक, घोड्याला तीन, उंटाला साडेतीन, हत्तीला पाच आणि वजिराला दहा. आपली प्रत्येक शक्य खेळी आणि तिला प्रतिस्पर्ध्याचे प्रत्येक शक्य उत्तर पाहायचे. त्यापुढे मारामारी संपेपर्यंतच्या महत्त्वाच्या खेळ्या तेवढ्या तपासायच्या आणि शेवटी कोणाच्या पदरात किती गुण पडतात ते मोजायचे. गुण समान असतील तर मोहऱ्यांना फिरायला किती मोकळीक आहे, राजा किती सुरक्षित आहे, किल्लेकोट करता येतो की नाही, प्यादी किती पुढे सरकली, यांचे लहानसहान गुण मिळवायचे. त्या काळच्या संगणकावर हा प्रोग्रॅम पूर्णपणे चढविणे ट्युरिंग यांना जमले नाही. म्हणून त्यांनी स्वतःच संगणकाची भूमिका घेतली. एकेका खेळीच्या हिशेबाला त्यांना सुमारे अर्धा तास लागत असे.

१९५२ मध्ये या कागदी यंत्रासमोर बसले तरुण संगणकतज्ञ अ‍ॅलिक ग्लेनी. तेही काही मुरलेले बुद्धिबळपटू नव्हते. यंत्राकडे पांढरी मोहरी होती. आरंभीच्या खेळ्या ठाकठीक पडल्या. पण सातव्या खेळीला यंत्राने एका टोकाचे प्यादे दोन घरे पुढे ढकलले आणि आठव्या खेळीला दुसऱ्या टोकाचे. हेतू काहीच नव्हता. प्यादे पुढे सरकले की थोडे गुण मिळतात, एवढाच त्यामागचा हिशेब होता. अकराव्या आणि बाराव्या खेळीला यंत्राने लागोपाठ दोन प्यादी मारली. ग्लेनी यांनी ती मारू दिली, आपला राजा किल्लेकोटात नेला आणि मोहरी मोकळी केली. पुढे त्यांनी दोन्ही प्यादी वसूल केली. त्यांतले एक तर यंत्राने उगाच पुढे ढकललेले टोकाचेच प्यादे होते. दरम्यान यंत्राचा राजा उघड्यावर आला होता. एकोणतिसाव्या खेळीला यंत्राच्या वजिराने समोर दिसलेले आणखी एक प्यादे मारले. ग्लेनी यांनी शांतपणे हत्ती त्याच उभ्या ओळीत आणून ठेवला. वजिराच्या पाठीमागे त्याच ओळीत राजा असल्याने वजिराला ती ओळ सोडता येईना. ट्युरिंग यांनी यंत्राच्या वतीने डाव सोडला.

या पराभवाचे कारण यंत्राचे अज्ञान हे नव्हते. प्यादे मारल्याने एक गुण मिळतो, हा त्याचा हिशेब अचूक होता. हत्ती समोर येऊ शकतो, हेही नियमांच्या कक्षेत होते. परंतु हत्तीच्या त्या खेळीने तत्काळ काहीच मारले जात नव्हते. वजीर हातचा जाणार होता तो त्यानंतर. नियमांची नजर तेथवर पोहोचण्याआधीच थांबत होती. क्षितिजापलीकडचे संकट यंत्राच्या लेखी अस्तित्वातच नव्हते. माणसाला मात्र प्रत्येक खेळी मोजण्याची गरज पडत नाही. राजा उघडा आहे, ओळ मोकळी आहे, एवढे दिसले की पुढे कधीतरी तेथे घाव घालता येईल, हे त्याला उमगते. समोर लहानसे आमिष ठेवावे आणि त्याची किंमत यंत्राच्या नजरेपलीकडे वसूल करावी, हा यंत्राविरुद्धचा मूळ डावपेच या डावात प्रथम दिसला.

ट्युरिंग यांनी हा डाव लपवून ठेवला नाही. १९५३ मध्ये संगणकांवरील एका ग्रंथात त्यांनी लिहिलेल्या प्रकरणात तो संपूर्ण छापला आणि यंत्राच्या फसलेल्या खेळ्यांवर मिस्कील शेरेही मारले. आपल्या नियमावलीतील दोष म्हणजे आपल्याच खेळाचे व्यंगचित्र असल्याची कबुली त्यांनी तेथे दिली. पुढे ही नियमावली खऱ्या संगणकावर उतरविली गेली, तेव्हा काही ठिकाणी तिच्या खेळ्या ट्युरिंग यांनी नोंदविलेल्या खेळ्यांशी जुळल्या नाहीत. शाळेपासूनची हिशेबातील घाई येथेही नडली असावी, असा तर्क त्यावर करण्यात आला.

ज्या वर्षी हा डाव झाला, त्याच वर्षी ट्युरिंग यांच्या आयुष्याला कायमचे वळण लागले. जानेवारी १९५२ मध्ये त्यांच्या घरी चोरी झाली. तिची फिर्याद देताना आपले एका पुरुषाशी संबंध असल्याचे त्यांनी पोलिसांना सांगितले. तेव्हाच्या ब्रिटिश कायद्यानुसार तो गुन्हा होता. चोरीचा तपास बाजूला पडला आणि फिर्यादीच आरोपी झाला. ३१ मार्च १९५२ रोजी न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले. तुरुंगवास टाळायचा तर वर्षभर संप्रेरकांचे उपचार घ्यायचे, अशी अट होती. ती त्यांनी स्वीकारली. गुप्त कामाची परवानगीही काढून घेण्यात आली. युद्धकाळात त्यांनी देशासाठी काय केले होते, हे गोपनीयतेमुळे न्यायालयासमोर उघड करता येण्यासारखे नव्हते. ब्रिटिशांनी भारताला दिलेल्या दंडसंहितेतही याच विचाराचे कलम ३७७ होते. प्रौढांमधील परस्परसंमतीच्या संबंधांना त्यातून मुक्ती मिळण्यास सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाची वाट पाहावी लागली.

८ जून १९५४ रोजी ट्युरिंग आपल्या घरी मृतावस्थेत आढळले. मृत्यू आदल्या दिवशी, सायनाइडच्या विषाने झाला होता. चौकशीत आत्महत्येचा निष्कर्ष निघाला. आईचा मात्र अखेरपर्यंत अपघातावरच विश्वास होता. बेचाळीस वर्षे पूर्ण होण्यास तेव्हा अवघे काही दिवस उरले होते.

ट्युरिंग गेले, पण त्यांनी मांडलेला डाव पुढे चालू राहिला. १९६८ मध्ये स्कॉटलंडचे विजेते डेव्हिड लेव्ही यांनी पैज लावली की, दहा वर्षांत कोणताही संगणक आपल्याला सामन्यात हरवू शकणार नाही. पैजेत विरुद्ध बाजूला असणाऱ्यांपैकी एक होते ट्युरिंग यांचे ब्लेचलीतील सहकारी डोनाल्ड मिची. १९७८ मध्ये टोरंटो येथे लेव्ही यांनी चेस ४.७ या प्रोग्रॅमला साडेतीन विरुद्ध दीड गुणांनी नमवून पैज जिंकली. त्यांचा डावपेच साधा होता. चकमक टाळायची, प्याद्यांची साखळी बांधून डाव बंद ठेवायचा, घाई करायची नाही. पुढची योजना आखता न येणारे यंत्र अशा वेळी निरर्थक खेळ्या करून स्वतःच स्वतःची स्थिती बिघडविते. चौथ्या डावात लेव्ही यांनी मुद्दाम चकमकीचा मार्ग धरला आणि नेमका तोच डाव ते हरले.

यंत्रांचा वेग वाढला तसे हे क्षितिज दूर सरकत गेले. फेब्रुवारी १९९६ मध्ये विश्वविजेते गॅरी कास्पारोव्ह यांनी आयबीएमच्या डीप ब्लू संगणकाला चार विरुद्ध दोन असे हरविले. मे १९९७ मध्ये मात्र न्यूयॉर्क येथे सेकंदाला सुमारे वीस कोटी स्थिती तपासणाऱ्या सुधारित डीप ब्लूने साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी बाजी मारली. या सामन्यात कास्पारोव्ह यांनी यंत्राला चकविण्यासाठी स्वतःच्या शैलीबाहेरच्या सुरुवाती खेळून पाहिल्या. त्याची किंमत त्यांना मोजावी लागली; अखेरचा डाव त्यांनी अवघ्या एकोणीस खेळ्यांत सोडला. प्रतिस्पर्ध्यासाठी आपली वाट सोडणाऱ्या खेळाडूची आपल्याच वाटेवरची पकड सुटते, हा त्या पराभवाचा धडा होता. तरीही २००३ मध्ये एक्स३डी फ्रिट्झ या प्रोग्रॅमविरुद्ध त्यांनी एक डाव संपूर्ण बंद करून जिंकला. भिंतीपलीकडे काय शिजते आहे, हे यंत्राला अखेरपर्यंत उमगले नाही. तो सामना बरोबरीत सुटला.

डिसेंबर २०१७ मध्ये अल्फाझीरो या प्रोग्रॅमने चित्र पालटले. त्याला खेळाचे नियम तेवढे सांगण्यात आले होते. बाकी सारे तो स्वतःशीच असंख्य डाव खेळून, चुकून आणि सुधारून शिकला. यंत्राला चुकू द्यावे, म्हणजे ते शिकेल, हा १९४७ चा ट्युरिंग यांचा विचार सत्तर वर्षांनी पटावर उतरला. आता आमिष आणि बंद डाव हे जुने उपायही सहसा पुरत नाहीत. त्यामुळे यंत्राला हरविण्यापेक्षा त्याच्याकडून शिकावे, हाच खेळाडूंचा मार्ग झाला आहे. जुलै २०२५ मध्ये बटुमी येथे महिला विश्वचषक जिंकणारी नागपूरची दिव्या देशमुख ज्या पिढीची आहे, त्या पिढीला संगणक हा प्रतिस्पर्धी नसून सरावातील सोबती आहे. अर्थात, सोबतीचेही पथ्य असते. डाव संपताच यंत्राचा निवाडा पाहण्यापूर्वी आपण कोठे चुकलो हे स्वतः शोधणारा विद्यार्थीच त्यातून काही शिकतो. आयते उत्तर पाहणाऱ्याच्या पदरात उत्तर पडते, समज पडत नाही.

ब्रिटनला आपल्या या सुपुत्राची आठवण होण्यास बराच काळ लागला. २००९ मध्ये पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी सरकारच्या वतीने जाहीर माफी मागितली आणि डिसेंबर २०१३ मध्ये राणीने मरणोत्तर क्षमादान दिले. त्याच जुन्या कायद्याखाली दोषी ठरलेल्या इतर हजारो पुरुषांसाठी २०१७ मध्ये कायदा झाला. २३ जून २०२१ रोजी, ट्युरिंग यांच्या जन्मदिनी, त्यांचे चित्र असलेली पन्नास पौंडांची नोट चलनात आली. तत्पूर्वी जून २०१२ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त मँचेस्टर येथे कास्पारोव्ह यांनी संगणकावर उतरविलेल्या ट्युरोचँपशी एक डाव खेळला आणि सोळा खेळ्यांत जिंकला. पण या विजयानंतर कौतुक झाले ते हरलेल्या नियमावलीचेच. कारण ती लिहिली गेली तेव्हा ती चालवू शकेल असे यंत्र जगात कोठेही नव्हते.